निळ्या रेघेपर्यंत

सकाळी ओट्यापाशी उभं राहून त्याने नेहमीसारखा पाण्याचा पहिला घोट घेतला आणि तो घोट तोंडातच अडला. पाणी कडू होतं. फार नाही, तापाची गोळी गिळता गिळता जिभेवर क्षणभर रेंगाळावी, तेवढंच. पण होतं. त्याने चूळ टाकली, ग्लास विसळला, नळ जरा वेळ वाहू दिला, पुन्हा भरून घेतला. पुन्हा कडू. "पाणी कडू लागतंय का गं?" त्याने जमेल तितक्या सहज विचारलं. बायको एका पायात चप्पल घालून दुसरी शोधत होती. तिने त्याच्या हातातला ग्लास घेतला, घटाघटा रिकामा केला आणि ती म्हणाली, "काही कडूबिडू नाही. आधी तोंड धू." ती वीज कंपनीच्या तक्रारखिडकीत बसायची. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकल्यावर घरच्या तक्रारींसाठी हिच्याकडे कानच उरत नाहीत, असं तो एरवी चेष्टेत म्हणायचा. त्या दिवशी त्याला चेष्टा सुचली नाही. ती सगळंच्या सगळं पाणी प्यायली होती आणि तिचा चेहरा जराही वाकडा झाला नव्हता. दार लागलं, जिन्यावर तिच्या चपला वाजत खाली गेल्या, आणि त्याने ग्लास पुन्हा नळाखाली धरला.

दुसऱ्या कुणाला पाणी कडू लागलं असतं तर त्याने पाणीखात्याला चार शिव्या हासडल्या असत्या आणि तो आपल्या कामाला लागला असता. याला ती सोय नव्हती. याच्या वडिलांचं सगळं असंच, पाण्यापासून सुरू झालं होतं. जेवण नीट लागायचं, चहा नीट लागायचा, पाणी तेवढं कडू. मग माणसांची नावं जायला लागली. मग एक दिवस शाळेत, भरल्या वर्गात, खडू हातात धरून ते फळ्यासमोर उभे राहिले आणि काय लिहायचं होतं ते त्यांना आठवेना. मुलं आधी हसली, मग गप्प झाली, मग एकजण हेडमास्तरांना बोलवायला धावला. मग घरातल्या घरात ते वाट चुकू लागले. शेवटी शेवटी तर आईला अगदी अदबीने विचारायचे, "बाई, आपण कुणाकडे आलात?" मेंदू झिजतो, असं डॉक्टर म्हणाले होते. घराण्यात उतरू शकतं असंही म्हणाले होते, आणि म्हणताना त्यांनी त्याच्याकडे पाहिलं होतं. तो तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता. त्याने आपल्या बुटांकडे बघितलं. पुढे लग्न ठरताना हे बायकोला सांगायचं राहून गेलं, आणि मग राहूनच गेलं. तुझे वडील कशाने गेले, या प्रश्नाला तो 'आजारी होते' असं उत्तर द्यायचा, आणि ते खोटं नव्हतं.

त्या आठवड्यात त्याने जिथे मिळेल तिथलं पाणी चाखून पाहिलं. दुकानातला माठ, शेजारच्या शिंप्याची बाटली, बसथांब्यावरचा नळ. सीलबंद बाटली विकत घेऊन रस्त्यातच फोडली. सगळीकडे तेच. तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. जड गोल फ्रेम गिऱ्हाइकाच्या नाकावर ठेवायची, त्यात भिंगं बदलत जायची आणि विचारत राहायचं, "आता बरं की मघाशी बरं?" इतकी वर्षं हा एकच प्रश्न विचारून माणसाच्या उत्तरावर किती विसंबायचं हे त्याला चांगलं ठाऊक झालं होतं. माणसं परीक्षेला बसल्यासारखी घाबरतात. एक आजीबाई तर म्हणाल्या होत्या, "तुम्हाला कुठलं बरं वाटतंय? तेच द्या." कधी कधी तो मुद्दाम काढलेलं भिंग तसंच्या तसं परत घालायचा आणि विचारायचा, "आता?" आणि समोरचा माणूस खुलायचा, "हां, आता कसं स्वच्छ!" दुकानात यावर खूप हसायचे. आता रात्री गादीवर पडल्यापडल्या तो जीभ टाळूला घासायचा आणि स्वतःलाच विचारायचा, आता? आता? आणि त्याला कळेना की कडूपणा खरंच आहे, की आपण इतके टरकलोय म्हणून तो येतोय. शेजारी बायको गाढ झोपलेली असे. तिला हलवून उठवावं आणि सगळं सांगून टाकावं असं त्याला फार वाटे. पण सांगितलं की ते सुरू झालं, असं त्याला उगाचच वाटत होतं. शिवाय ती काय म्हणाली असती? डॉक्टरकडे चल म्हणाली असती. डॉक्टरकडे जायला तर तो सगळ्यात जास्त भीत होता.

दुकानाला सुट्टी होती त्या दिवशी बायको कामावर गेली, आणि आई लोकरीची पिशवी घेऊन खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंकडे विणायला गेली. नर्सबाई निवृत्त झाल्यापासून दोघी सकाळभर विणत आणि अख्ख्या इमारतीची उणीदुणी काढत. तेवढा वेळ घर मोकळं असे. त्याने दाराला आतून कडी घातली. आपल्याच घरात कडी लावताना आपण चोरी करतोय असं त्याला वाटलं. मग त्याने मोठं पातेलं काढलं, त्यात नळाचं पाणी घेतलं, मधोमध एक वाटी पालथी घालून तिच्यावर दुसरी वाटी सुलटी बसवली, आणि पातेल्यावर झाकण उलटं ठेवलं, मूठ आत आणि खोलगट बाजू वर. खोलगट भागात बर्फ. खाली मंद गॅस. पाण्याची वाफ होणार, वाफ गार झाकणाला लागून थेंब होणार, थेंब उतारावरून मुठीपाशी येणार आणि मधल्या वाटीत पडणार. पाण्यात जे काही वाईट असेल ते पातेल्यातच राहणार. वर जातं ते फक्त पाणी. हे वाक्य त्याचं नव्हतं, बाबांचं होतं. बाबा शाळेत शास्त्र शिकवायचे आणि त्यांनी घरी, असंच पातेलं आणि अशाच वाट्या घेऊन, त्याला हे करून दाखवलं होतं. औषधाच्या दुकानात असलं पाणी बाटलीत मिळतं हे त्याला माहीत होतं. पण बाटलीत कुणी काय भरलं असेल ते कुणी पाहिलंय? "डोळ्यांदेखत झाला तर तो प्रयोग, नाहीतर ऐकीव गोष्ट," असं बाबा म्हणायचे.

हिशेब सरळ होता. हे पाणी कडू लागलं नाही, तर दोष नळाच्या पाण्याचा, आणि बाटल्यांतही तेच भरलेलं. मग तो पाणीखात्यात जाऊन आनंदाने भांडला असता, रांगेत उभा राहिला असता, साहेब जेवायला गेलेत हेसुद्धा त्याने हसत ऐकून घेतलं असतं. आणि कडू लागलं, तर. इथे तो थांबत होता. झाकणाखाली पाणी आधी कुजबुजलं, मग बुडबुडे येऊ लागले, आणि बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, टप्प.  एवढासा थेंब वाटीत पडल्याचा आवाज, पण त्याला तो कुणीतरी दारावर बोट वाजवल्यासारखा वाटला. त्याने दाराकडे वळूनही पाहिलं. बर्फ वितळला तसं त्याने ते पाणी फडक्याने टिपलं, नवा बर्फ घातला. फडकं पिळताना आपले हात थरथरताहेत हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याला एकदम आठवलं की शेवटच्या वर्षांत बाबांचे हातही थरथरायचे. मग तो हातांकडे बघायलाच भिऊ लागला. वाटीत पुरेसं पाणी जमल्यावर त्याने गॅस बंद केला. निवायला वेळ लागला. तो स्वयंपाकघरात येरझारा घालत राहिला, खिडकीतून खाली पाहत राहिला. खाली एक माणूस सायकलीची घसरलेली साखळी बसवत होता आणि काळे हात पँटला पुसू की नको अशा विचारात उभा होता. किती सुखी माणूस, असं त्याच्या मनात आलं. मग त्याने चमचाभर पाणी जिभेवर घेतलं.

कडू.

 तो ओट्याला टेकून खाली फरशीवर बसला. पण माणसाचं मन मोठं लबाड असतं. फरशीवरून त्याला उलट्या झाकणाची मूठ दिसली, काळी, प्लास्टिकसारखी, कडेला जरा भाजलेली. एकेक थेंब त्या मुठीवरून ओघळून पडला होता! तो ताडकन उठला. मूठ हुंगली. वास होता, जळकट, औषधी, हो, होताच. त्याने मूठ चाटून पाहिली. मोठा माणूस, डोळ्यांवर चष्मा, आणि झाकणाची मूठ चाटतोय. बायकोने पाहिलं असतं तर आठवडाभर हसली असती. त्याला स्वतःलाच हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी तो मोकळेपणाने हसला. मूठ कडू होती. म्हणजे पाणी कडू होणारच. म्हणजे अजून काहीच सिद्ध झालं नव्हतं. बाबांनी मूठवालं झाकण वापरलं नव्हतं, हेही त्याला आता आठवलं. त्यांनी गोल बुडाची कढई ठेवली होती पातेल्यावर, आणि तिच्यात बर्फ. आणि पातेल्यातल्या पाण्यात शाई टाकली होती. निळी शाई. "उकळताना पाणी उडून वाटीत आलं तर कळायचं कसं? शाई सांगेल. वाटीतलं पाणी निळं झालं तर प्रयोग फसला." शास्त्राचा मास्तरच तो. बायकोच्या टेबलाच्या खणात शिक्क्याच्या शाईची बाटली होती. त्याने पातेलं घासलं, वाट्या घासल्या, कढई घासली, हात कोपरापर्यंत धुतले. नवं पाणी घेतलं, शाईचे थेंब टाकले. निळे धागे खाली सोडत शाई पसरत गेली आणि पातेलं निळं झालं. बर्फ संपला होता. त्याने कढईत गार पाणी ओतलं आणि त्यात गोठलेल्या मटारची पिशवी ठेवली.

मग पुन्हा वाट पाहणं. टप्प. टप्प. या वेळी त्याला बाबांचा प्रयोग आठवत राहिला, कारण तो त्याच्या लहानपणातला सगळ्यात आवडता दिवस होता. बाबा घरी सहसा खेळत नसत, वह्या तपासत. त्या दिवशी त्यांनी आपणहून त्याला हाक मारली होती. आई घरात नव्हती, आणि त्यांनी दाराला आतून कडी लावली होती. निळ्या पाण्यातून काचेसारखं स्वच्छ पाणी निघालेलं पाहून तो नाचला होता. "शाई कुठे गेली, बाबा?" "शाई मागेच राहते. वर जातं ते फक्त पाणी." आणि मग बाबांनी वाटी त्याच्या ओठांना लावली होती. "चाख." त्याने चाखलं. "कसं लागतं?" "छान." "छान म्हणजे कसं? नीट सांग. घाई करू नकोस. कसं लागतं?" बाबांनी त्याचा दंड धरला होता. बोटं दंडात रुतत होती, हे त्याला आता, या क्षणी, दंडावरच आठवलं. "कसंच नाही लागत, बाबा. नुसतं पाणी."  मग बाबांनी स्वतः एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि ते गॅलरीत जाऊन कठड्याला धरून उभे राहिले, पाठमोरे, खूप वेळ. आपलं उत्तर चुकलं, शास्त्रात काहीतरी वेगळं म्हणायचं असतं, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. इतकी वर्षं तेच वाटत होतं. पाचवी-सहावीच्या प्रत्येक परीक्षेत त्याने या प्रयोगाची आकृती काढली होती, शाबासकी मिळवली होती.  तो धडा नव्हता. बाबा त्याला काही शिकवत नव्हते. त्या दिवशी बाबा घाबरले होते, आणि आई घरात नसताना, कडी लावून, ते स्वतःची परीक्षा घेत होते. आणि त्याने त्यांना सांगून टाकलं होतं की पाणी नुसतं पाणी आहे.

त्याने गॅस बंद केला. कढई उचलली. वाटीतलं पाणी स्वच्छ होतं, शाईचा ठिपकासुद्धा नव्हता. प्रयोग फसला नव्हता. आणि निवेपर्यंत तो मनातल्या मनात, कुणाला ते न ठरवता, हात जोडत राहिला. मग चमचा. मग जीभ.

कडू होतं. सकाळच्याइतकंच कडू, ना कमी ना जास्त. कशातून काही उतरलं असं म्हणायला आता काही उरलं नव्हतं. स्टील होतं, वाफ होती आणि तो होता. त्याला वाटलं होतं की अशा वेळी माणूस ओरडत असेल, रडत असेल. तसं काही झालं नाही. भीती पायांतून वर चढत आली आणि गळ्याशी येऊन बसली. तो उभा राहून जे जे समोर दिसेल त्याचं नाव घेऊ लागला. पातेलं. कढई. मटार. फडकं. खिडकी. नर्सबाईंचं आडनाव त्याला चटकन आठवेना आणि त्याला दरदरून घाम फुटला. मग आठवलं, पण आठवायला वेळ का लागला हा नवा घोर लागला. बायकोच्या चेहऱ्याकडे बघून आपण एक दिवस विचारणार, आपण कुणाकडे आलात? आणि ती काय उत्तर देईल? तक्रारखिडकीतून बोलते तसं, शांतपणे? कुणीतरी आत्ता इथे असायला हवं होतं. कुणीही. ज्याच्या तोंडाला ही वाटी लावता आली असती, आणि दंड धरून विचारता आलं असतं.

शेल्फाच्या मागच्या बाजूला एक जुना काचेचा ग्लास असायचा. कडेखाली निळी रेघ असलेला, त्या सेटातला उरलेला एकटा. बाबांचं पाणी याच ग्लासात, निळ्या रेघेपर्यंत भरलेलं असे. त्याने तो काढला, का ते त्याला सांगता आलं नसतं, आणि वाटीतलं पाणी त्यात ओतलं. ते बरोबर रेघेला टेकलं. आजार उघड झाल्यावर घरात एक रीत पडली होती. बाबांनी ग्लास नुसता ओठांना लावून, 'कडू आहे' म्हणत खाली ठेवला की आई कामातून उठून यायची, तो ग्लास उचलायची, घोट घ्यायची, ओठ पुसायची आणि म्हणायची, "हो हो, कडूच आहे आज." त्यालाही तिने बजावून ठेवलं होतं, बाबांनी विचारलं तर कडू म्हणायचं. आणि बाबा लगेच निवायचे. "म्हणत नव्हतो मी!" असं म्हणून जिंकल्यासारखे आजूबाजूला बघायचे आणि मग तेच पाणी गटागटा पिऊन टाकायचे. आई पाणी खरोखर पीत नसे. ओठ मिटून ग्लास नुसता टेकवायची. हे त्याला एकदा जमिनीवर अभ्यासाला बसलेला असताना दिसलं. ग्लास त्याच्या डोळ्यांच्या पातळीत होता आणि तिने खाली ठेवल्यावरही पाणी रेघेवरच होतं. त्याने स्वयंपाकघरात जाऊन तिला विचारलं होतं, पीत का नाहीस? ती तेव्हा कांदा चिरत होती. "पिऊन काय कळायचंय? कडू नाही हे मला माहीतच आहे," ती म्हणाली होती. "त्यांना एकट्यालाच कडू लागतंय असं नको वाटायला."

दाराची कडी वाजली. मग पुन्हा, जरा जोरात. "अरे, आतून कडी का लावलीस?" आईचा आवाज. त्याला पातेलं लपवायचं होतं, मटार परत ठेवायचे होते, पण तो जाऊन कडी काढून आला, एवढंच त्याच्याने झालं. आई लोकरीची पिशवी सांभाळत आत आली. "काळी लोकर संपली. आणि त्या नर्सबाईंना सांगून थकले, बाही उलटी विणताय, बाही उलटी..." बोलत बोलत ती स्वयंपाकघराच्या दारात आली आणि थांबली. तिने कढई बघितली, ओला ओटा बघितला. मग ती पातेल्याजवळ गेली आणि तिने वाकून आत बघितलं. निळं पाणी. ती बराच वेळ तशीच वाकलेली राहिली. उठताना तिने ओट्याच्या कडेचा आधार घेतला.

"चहा टाकू?" ती म्हणाली.

"आई." त्याचा आवाज फाटला. "तू जरा चाखून बघ. घाई करू नकोस. नीट बघ आणि मग सांग."

त्याने ग्लास तिच्यापुढे धरला. ती त्याच्याकडे बघत होती. एवढ्या जवळून, एवढं नीट तिने त्याच्याकडे कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले नाहीत, चेहरा बदलला नाही, फक्त लोकरीची पिशवी तिने अगदी हळू, आवाज न करता खुर्चीवर ठेवली. खरं सांग, असं त्याला ओरडायचं होतं. तू नुसतं पाणी आहे म्हण, मी गॅलरीत जाईन, कठड्याला धरून उभा राहीन, पण खरं सांग. तिने ग्लास दोन्ही हातांनी घेतला, ओठांशी नेला, मान किंचित मागे केली. मग ग्लास ओट्यावर ठेवला आणि पालथ्या हाताने ओठ पुसले.

"हो रे," आई म्हणाली. "कडूच आहे की."

त्याने ग्लासाकडे बघितलं. बघायला वाकावंही लागलं नाही. पाणी निळ्या रेघेवर होतं. त्याला सगळं कळलं, आणि तरीही, सगळं कळत असतानाच, गळ्याशी बसलेलं काहीतरी सैल पडलं, छाती हलकी झाली, इतकं बरं वाटलं की त्याला स्वतःचीच भीती वाटली.

"म्हणत नव्हतो मी!" तो म्हणाला, आणि त्याने ग्लास उचलला.